मलिदा, खवल्यांची मासळी आणि नारळाचं दूध : अहमदाबादच्या बेने इस्रायली स्वयंपाकघरातून

आम्ही अहमदाबादचे, पण आडनावं सगळी कोकणातली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. घरात बोली मराठी, बाहेर गुजराती, प्रार्थना हिब्रूतून. खमासाचं आमचं मागेन अब्राहम सिनेगॉग १९३४ सालचं. नवीन शेजारी हमखास विचारतात, "तुम्ही यहुदी, मग खाता काय?" म्हणून हे लिहितेय.

अलिबागजवळच्या नवगावला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं आमची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं 'शनिवार तेली'. ग्रंथ समुद्रात गेले, प्रार्थना विसरल्या, उरला शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम. पुढे दाविद राहाबी नावाचे गृहस्थ आले. कोणी त्यांना हजार वर्षांपूर्वीचे म्हणतं, कोणी अठराव्या शतकातले. हे लोक खरंच यहुदी आहेत का, हे बघायला त्यांनी बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. बायकांनी खवलं आणि पर असलेली तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण परीक्षा पुरुषांच्या पाठांतराची नव्हती, चुलीपुढच्या बाईच्या हाताची होती.

तोच नियम आजही. पापलेट, रावस, बांगडा चालतो. कोलंबी, खेकडा, तिसऱ्या, मोरी नाही. इथे गोड्या पाण्याचे रोहू-कटला मिळतात, त्यांना खवलं भरपूर, त्यामुळे प्रश्नच नाही.

मटणाचं मात्र अवघड. बकरं किंवा कोंबडी नियमाप्रमाणे कापणारा जाणकार लागतो. घरी आणल्यावर मटण अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग जाडं मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर ठेवायचं म्हणजे रक्त निथळतं, आणि तीन पाण्यांनी धुवायचं. कलेजी तर थेट विस्तवावरच भाजायची. अंडं आधी वाटीत फोडून बघायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. कापणारी माणसं एकेक करून इस्रायलला गेली, तसं आमच्या घरातलं मटण सणापुरतं राहिलं. आजीचं म्हणणं सरळ होतं : कशेर नसेल तर डाळ-भात खा, कोण मरत नाही.

मांसाबरोबर दूध-दही-तूप नाही. सगळं दुधातुपात करणाऱ्या गुजरातेत हे सांभाळायचं म्हणजे गंमतच! इथे कोकण कामाला आलं. आमच्या रश्शात दह्याच्या जागी नारळाचं दूध असतं, आणि नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच आटवतात, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही खाता येतो. हात भरून येतात ढवळून, पण सोडवत नाही.

सणांची जुनी नावंसुद्धा पाहा. पुरीमला 'होळीचा सण', त्याला पुरणपोळी. मंदिर पडल्याच्या दुखवट्याला 'बिरड्याचा सण', त्याला वालाचं बिरडं. ही नावं हाइम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्रायलांच्या इतिहासात नोंदवून ठेवली म्हणून टिकली. त्यांनी ते १८९७ मध्ये लिहून संपवलं, छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. म्हणजे चाळीस वर्षं हस्तलिखित पडून!

लग्न, नवं घर, नवस फेडणं, काहीही असो, मलिदा हवाच. पोहे धुवून निथळायचे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा घालायचा, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन आशीर्वाद म्हणायचे. अलिबागकडच्या खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाची खूण दाखवतात, तिथे आमचे लोक अजून नवसाला जातात. दुसऱ्या यहुद्यांत हा विधी असा पोह्यांचा नाही, आमचाच आहे.

शुक्रवारच्या किद्दुशला वाइन नसली तरी अडत नाही. काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. आमच्याकडे रात्रभर भिजवतात, मावशीकडे चार तास, आणि दोघीही दुसरीचं सरबत पाणचट म्हणतात. तुमच्याकडे कसं करतात?