मलकीसदेक : वंशावळ नसलेला याजक

बायबलच्या जुन्या करारात मलकीसदेकाचे नाव केवळ दोन ठिकाणी येते. असे असूनही ख्रिस्ती धर्मशास्त्रात येशू ख्रिस्ताच्या याजकपदाची सर्वांत महत्त्वाची मांडणी या एका व्यक्तिरेखेभोवती उभी आहे. पुढे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील मूलभूत वादातही या नावाला महत्त्व आले.

मूळ कथा

'उत्पत्ती' या ग्रंथाच्या १४व्या अध्यायात चार राजे आणि पाच राजे यांच्यातील युद्धाची हकिगत आहे. या युद्धात अब्रामाचा (पुढे अब्राहाम) पुतण्या लोट पकडला जातो. अब्राम आपल्या घरातील ३१८ माणसे घेऊन शत्रूचा पाठलाग करतो आणि त्याला सोडवून आणतो. परतीच्या वाटेवर शालेमचा राजा मलकीसदेक भाकर व द्राक्षारस घेऊन सामोरा येतो. तो परात्पर देवाचा याजक असतो. तो अब्रामाला आशीर्वाद देतो आणि अब्राम त्याला सर्व वस्तूंचा दशमांश देतो. अवघ्या तीन वचनांत हा प्रसंग संपतो.

दुसरा उल्लेख ११०व्या स्तोत्रात आहे. तेथे एका राजाला मलकीसदेकाच्या परंपरेतील सार्वकालिक याजक म्हटले आहे. इस्राएलात राजपद यहूदाच्या वंशाकडे आणि याजकपद लेवीच्या वंशाकडे होते. त्यामुळे ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीत एकवटलेला मलकीसदेक अपवादात्मक ठरतो.

'इब्री लोकांस पत्रा'तील मांडणी

नव्या करारात मलकीसदेकाचा विचार फक्त 'इब्री लोकांस पत्र' या ग्रंथात आढळतो. पत्रलेखकापुढील अडचण उघड होती. येशू यहूदाच्या वंशातला, लेवीच्या नव्हे. मग नियमशास्त्रानुसार तो याजक कसा ठरणार?

७व्या अध्यायात याचे उत्तर येते. लेखक प्रथम नावाचा अर्थ सांगतो : मलकीसदेक म्हणजे 'नीतिमत्त्वाचा राजा' आणि शालेमचा राजा म्हणजे 'शांतीचा राजा'. त्यानंतर तो मूळ कथेतील मौनाकडे वळतो. 'उत्पत्ती'मध्ये प्रमुख व्यक्तींच्या वंशावळी तपशीलवार दिल्या आहेत. मलकीसदेकाचे आईवडील, जन्म वा मृत्यू यांविषयी मात्र एक शब्दही नाही. हे मौन लेखकाला अर्थपूर्ण वाटते. आरंभ आणि अंत नसलेल्या देवपुत्राचे ते प्रतिरूप आहे, असे तो मानतो.

तिसरा मुद्दा श्रेष्ठत्वाचा आहे. आशीर्वाद देणारा घेणाऱ्याहून श्रेष्ठ असतो. अब्राहामाने दशमांश दिला तेव्हा त्याचा वंशज लेवी जन्मलाही नव्हता. म्हणजे एका अर्थी लेवीनेच पूर्वजाच्या द्वारे तो दिला. यावरून वंशपरंपरेने मिळणाऱ्या याजकपदापेक्षा मलकीसदेकाचे याजकपद थोर आणि ख्रिस्त त्याच परंपरेतला, असा निष्कर्ष काढला आहे.

मनुष्य की स्वर्गीय शक्ती?

यहुदी परंपरेत मलकीसदेकाला नोहाचा पुत्र शेम मानणारा प्रवाह होता. मृत समुद्राजवळील कुमरानच्या ११ क्रमांकाच्या गुहेचा शोध १९५६ साली लागला. तेथील एका गुंडाळीत तो अखेरचा न्यायनिवाडा करणारा स्वर्गीय पुरुष म्हणून येतो. आरंभीच्या ख्रिस्ती काळात त्याला ख्रिस्ताहून श्रेष्ठ शक्ती मानणारा पंथही निर्माण झाला; चौथ्या शतकातील एपिफानियसने त्याचे खंडन केले. मुख्य प्रवाहाने मात्र मलकीसदेक हा मनुष्यच होता आणि त्याचे महत्त्व ख्रिस्ताची पूर्वछाया म्हणून आहे, ही भूमिका घेतली.

भाकर आणि द्राक्षारस

लक्षणीय बाब अशी, की 'इब्री लोकांस पत्रा'त भाकर व द्राक्षारसाचा उल्लेखच नाही. हा धागा पुढच्या आचार्यांनी जोडला. तिसऱ्या शतकातील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मलकीसदेकाच्या या कृतीत प्रभुभोजनाचे पूर्वचिन्ह पाहिले. रोमन मिस्साविधीच्या प्राचीन प्रार्थनेत हाबेल व अब्राहाम यांच्या अर्पणांबरोबर मलकीसदेकाचे अर्पणही आठवले जाते. इटलीतील राव्हेन्ना येथील सान व्हिताले चर्चच्या सहाव्या शतकातील मोझेक चित्रात वेदीच्या एका बाजूला कोकरू अर्पण करणारा हाबेल, तर दुसऱ्या बाजूला भाकर अर्पण करणारा मलकीसदेक दिसतो.

सोळाव्या शतकात याच प्रसंगावरून मतभेद तीव्र झाले. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मलकीसदेकाने भाकर व द्राक्षारस आणला, 'कारण' तो याजक होता, असा अर्थ निघतो. मूळ हिब्रूत तेथे 'आणि' असाही अर्थ देणारे साधे उभयान्वयी अव्यय आहे. कॅल्विनच्या मते ते दमलेल्या सैनिकांसाठी आणलेले अन्न होते, देवाला केलेले अर्पण नव्हे. याउलट ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ साली मिस्सा हे खरे अर्पण असल्याचे सांगताना मलकीसदेकाचा आधार घेतला.

ख्रिस्ताचे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. वेदीवर ते आजही अर्पणरूपाने उपस्थित होते काय, या प्रश्नावर मात्र त्यांची वाट वेगळी होते. मलकीसदेक हा वंशाने नव्हे, तर देवाच्या नेमणुकीने याजक झालेल्या ख्रिस्ताचे प्रतीक आहे, हा अर्थ दोन्ही परंपरांना सारखाच मान्य आहे.