हुतूतूचे नियम आणि कोरियाचा चढाईपटू

एखादा खेळ कोणत्या भूमीचा, हा प्रश्न केवळ उत्पत्तीपुरता मर्यादित ठेवला, तर त्या खेळाच्या इतिहासाचा उत्तरार्ध अलिखित राहतो. कबड्डीच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानाचा हंगाम उरकला की गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. हा खेळ आपल्या मातीतला, ही तेथील भावना स्वाभाविक होय. परंतु ७ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतावर ३४-३२ असा विजय मिळविला. अखेरच्या मिनिटांत ज्याच्या चढायांनी सामना फिरला, तो जँग कुन ली. त्याचे यश हा योगायोग मानावा की कबड्डीच्या इतिहासाचीच परिणती, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पूर्वीच्या हुतूतूला एकच एक रूप नव्हते. बाद झालेला गडी पुन्हा खेळात यावा की नाही, या एका मुद्द्यावरूनच संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार पडले होते. १९१८ साली सातारा येथे नियम बांधण्याचा प्रारंभ झाला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने सुधारित नियमांनुसार सामने भरविले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. या खटाटोपाचे फलित असे की, पिढीजात शिकवणीशिवायही खेळ आत्मसात करता येऊ लागला. नियम छापले गेले, त्या दिवशीच परक्या खेळाडूला दार उघडले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा लाभला. २००२ मध्ये ही स्पर्धा कोरियातील बुसान येथे झाली, आणि पुढे कोरियाने स्वतःचा संघ उभारला. २०१४ मध्ये इंचॉन येथे कोरियाच्या पुरुषांनी कांस्यपदक मिळविले. त्या संघात ली होता. त्याच वर्षी भारतात व्यावसायिक प्रो कबड्डी लीग सुरू झाली व ली बंगाल वॉरियर्स संघात दाखल झाला. तेथे निलेश शिंदे यांच्यासारख्या मराठी बचावपटूंच्या सहवासात त्याचा खेळ घडत गेला. वेगाने बाजूस धावत प्रतिस्पर्ध्याला हाताने टिपणे, हे त्याच्या चढाईचे वैशिष्ट्य. २०१८ पर्यंत तो याच संघात राहिला आणि २०१९ मध्ये पाटणा पायरेट्सकडे गेला. परदेशी खेळाडू हा शोभेपुरता असतो, हा समज त्याच्या कारकीर्दीने खोटा ठरविला.

२०१६ च्या विश्वचषकात अंतिम विजय भारताचाच झाला, हे खरे; कोरियाची वाटचाल उपांत्य फेरीत इराणने थांबविली. परंतु २०१८ मध्ये जाकार्ता येथे कोरियाने भारताला २४-२३ असे पुन्हा नमविले. सलग सात सुवर्णपदके मिळविणाऱ्या भारताचा आशियाई स्पर्धेतील हा पहिलाच पराभव. पुढे उपांत्य सामन्यात इराणने भारताला हरविले व अंतिम सामन्यात कोरियावर मात केली. भारताच्या वाट्याला कांस्य आले.

या घटनांना भारतीय खेळाचा ऱ्हास म्हणणे युक्त नव्हे. ज्यांनी साताऱ्यात व बडोद्यात नियम बांधले, त्यांच्या कार्याचीच ही पूर्तता होय. मात्र तिच्यात एक इशाराही आहे. व्यावसायिक कबड्डी गादीवर, बुटांनी आणि अर्ध्या मिनिटाच्या चढाईने खेळली जाते. झाडीपट्टीतील बहुतेक मुलांचा सराव मातीवरचा असतो. गडचिरोलीत पोलीस दलाने बिरसा मुंडा यांच्या नावे कबड्डी स्पर्धा भरविल्या, हे स्तुत्य आहे. पण केवळ स्पर्धेने खेळाडू घडत नाही. कोरियाच्या खेळाडूला या खेळाचा वारसा नव्हता, शिक्षण होते. झाडीपट्टीतील मुलांना वारसा आहे. त्याला शिक्षणाची जोड कशी द्यावयाची, हाच ली याच्या कारकीर्दीतून उभा राहणारा प्रश्न होय.