महामारीचे निर्बंध आणि खाडीकाठचा गळ : ठाणे व कल्याण-डोंबिवली (२०२०-२०२२)

प्रस्तावना

महामारीच्या इतिहासात रुग्णालये, स्थलांतरित मजूर, बाजारपेठा आणि रेल्वे यांची दखल घेतली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि शासकीय निर्बंधांचा सामान्य माणसाच्या फुरसतीवर काय परिणाम झाला, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. खाऱ्या पाण्यातील हौशी मासेमारी, म्हणजे लोकभाषेतील ‘गरवणे’, हे त्याचे एक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

ठाणे शहराच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरून वाहणारी उल्हास नदी भरतीच्या पाण्याने खारट होते आणि मुंब्रा, कोलशेत, गायमुख असा वळसा घेऊन वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. कल्याणचा दुर्गाडी परिसर, डोंबिवलीचे मोठागाव, मुंब्र्याचे रेतीबंदर आणि ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा ही याच पाण्याकाठची ठिकाणे. बोईट, शिंगाळा, जिताडा आणि चिंबोरी ही येथील परिचित मासळी. कोळी व आगरी समाजाचे या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. रेल्वे आणि कारखानदारीमुळे आलेल्या नोकरदार वर्गातही सुट्टीच्या दिवशी तंगूस व गळ घेऊन खाडीकाठी बसणारे कमी नाहीत.

कायद्याचे स्वरूप

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात लागू करण्यात आलेला साथरोग अधिनियम हा मूळचा १८९७ चा, प्लेगच्या काळातील कायदा होय. प्लेगच्या वेळी प्रशासनाचा रोख घरझडती, विलगीकरण आणि रेल्वेप्रवाशांची तपासणी यांवर होता. २०२० मध्ये मात्र घराबाहेर असणे हीच बाब नियमनाचा विषय बनली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. १० एप्रिलच्या केंद्रीय आदेशाने सागरी मासेमारी व मत्स्यसंवर्धन या उद्योगांना सूट मिळाली. ही सूट उद्योगास होती; गळ घेऊन बसणारा हौशी माणूस तिच्या कक्षेत येत नव्हता.

३ जूनपासून ‘मिशन बिगिन अगेन’अंतर्गत पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत मोकळ्या जागी व्यायामास परवानगी देण्यात आली. चालणे, धावणे व सायकल चालविणे यांचा त्यात नामनिर्देश होता. एका जागी स्वस्थ बसून करावयाच्या छंदाचा नव्हता. जूनअखेरीस असा वावर घराच्या परिसरापुरता मर्यादित करण्यात आला. २ जुलैपासून ठाणे व कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी आली आणि ती १९ जुलैपर्यंत वाढविण्यात आली.

घड्याळ आणि भरती

गरवणाऱ्याचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, तिथीवर चालते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास येते, तर अष्टमीच्या भांगात ती सकाळ-संध्याकाळकडे झुकते. खाडीच्या आतल्या भागात ती आणखी काहीशी उशिरा पोहोचते. परिणामी सायंकाळी ७ ची मर्यादा पाळणाऱ्यास उधाणाची रात्रीची भरती पूर्णपणे मुकावी लागे. आदेशाच्या दृष्टीने सर्व दिवस सारखे होते. खाडीच्या दृष्टीने ते कधीच सारखे नसतात.

अंतराचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. उपनगरी रेल्वे १५ जून २०२० रोजी केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांस ठराविक वेळांत प्रवेश मिळाला, एप्रिलमध्ये तो पुन्हा थांबला आणि १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी खुला झाला. लोकलने समुद्रकिनारा गाठणाऱ्या डोंबिवलीकराचा छंद त्यामुळे दीर्घकाळ खंडित झाला. ज्याच्या घरामागेच खाडी होती, त्याला हा अडथळा नव्हता. एकच निर्बंध दोघांवर सारखा पडला नाही.

छंद की उपजीविका?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २५ मार्च २०२० पासून हौशी मासेमारी स्पष्ट आदेशाने बंद केली आणि मे महिन्यापासून टप्प्याटप्प्याने खुली केली. इंग्लंडमध्ये १३ मे रोजी गळाच्या मासेमारीस पुन्हा परवानगी मिळाली. तेथे हा छंद शासनाच्या लेखी अस्तित्वात होता, म्हणून तो बंदही करता आला आणि खुलाही. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम मुख्यतः नौकांच्या परवान्याभोवती रचलेला आहे. काठावरून गळ टाकणारा त्यात जवळजवळ अदृश्य राहतो.

ही अदृश्यता निरुपद्रवी नाही. मजुरी थांबलेल्या घरातील माणूस खाडीतून चार बोईट काढतो, दोन घरी शिजवतो आणि दोन शेजाऱ्यास देतो. त्याला हौशी म्हणावे की मच्छीमार? ‘अत्यावश्यक’ आणि ‘अनावश्यक’ या दोन रकान्यांपैकी तो कोणत्याही एकात नीट बसत नाही. पोलिसाने हटकल्यास दाखविण्यासाठी त्याच्याकडे परवानाही नसतो.

निष्कर्ष

गर्दी टाळण्याचा निर्बंधांचा हेतू रास्त होता, याविषयी दुमत नसावे. तथापि एकट्याने, मोकळ्या हवेत केल्या जाणाऱ्या कृतीचा स्वतंत्र विचार त्यांत झाला नाही. त्याचा भार मुख्यतः कागदोपत्री ओळख नसलेल्यांवर पडला. ज्यांची नोंद शासनदप्तरी नाही, त्यांचा इतिहास आठवणींतच उरतो, आणि आठवणी लवकर पुसट होतात. खाडीलगतच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने कोळीवाड्यांतील व बंदरांवरील मौखिक साक्षी आताच संकलित केल्यास, पुढील साथीच्या वेळी नियम करणाऱ्यांसमोर निदान या माणसाचे अस्तित्व तरी नोंदलेले असेल.