ग्रामण्य आणि आपली सभा

ग्रामण्य हा शब्द आजच्या तरुण वाचकांस बहुधा अपरिचित असेल. जातीचा नियम मोडणाऱ्यास जातबांधवांनी वाळीत टाकणे, व त्यावरून माजणारा कलह, यास आपले पूर्वज ग्रामण्य म्हणत. रोटीबेटी बंद, भटजी बंद, प्रेतास खांदाही बंद, असे त्याचे स्वरूप असे.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पैलतीरी पैठण तालुक्यात आपेगाव आहे. तेथील विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. कृत्य त्यांचे, परंतु मुंजीचा अधिकार नाकारला गेला तो त्यांच्या लेकरांस. मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही शुद्धिपत्रासाठी त्या भावंडांस पैठण गाठावे लागले, असे परंपरा सांगते. बहिष्काराचा हा धर्म ध्यानी घ्यावा. तो ज्याच्यावर घातला जातो त्याच्यापेक्षा त्याच्या घरातील दुबळ्यांस अधिक झोंबतो.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला, अथवा घेतला असे म्हटले गेले. नावे वर्तमानपत्रात झळकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळकांसही त्याची झळ लागली. त्या पेल्यात पाप आहे असे न्यायमूर्ती रानडे यांस वाटत नव्हते, तरी १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. एवढ्या मोठ्या पुरुषाकडून न पटलेला विधी करवून घेण्यात नीतीचा कोणता विजय झाला, हे आम्हास आजवर उमगलेले नाही.

मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. धर्मसंप्रदायास आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, हे त्याचे कारण. अखेर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. संस्था नोंदणीकृत आहे, ही सबब तेथे चालत नाही.

हे सर्व येथे मांडण्याचे कारण असे की, गतवर्षीच्या सभेत एक सूचना आली. ज्या कुटुंबातील मुलामुलींनी जातीबाहेर विवाह केला, त्यांची नावे समाजाच्या यादीतून वगळावीत व त्यांस स्नेहसंमेलनाचे निमंत्रण देऊ नये. (हुंडा घेणाऱ्यांची नावे वगळावीत, असे मात्र कोणी सुचविले नाही.) सूचकांचा हेतू दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही, समाज विस्कळीत होईल ही त्यांची धास्ती प्रामाणिक आहे. परंतु वडीलधाऱ्यांनी घरी बसून चार गोष्टी समजावून सांगणे निराळे, आणि सज्ञान मुलीच्या निर्णयासाठी तिच्या म्हाताऱ्या आईस पंक्तीतून उठविणे निराळे. पहिल्यात ऐकणाऱ्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीक राहते. दुसऱ्यात ती हिरावून घेण्याचाच बेत असतो. आणि भीतीपोटी पाळलेल्या आचारास आम्ही तरी सदाचार म्हणणार नाही.

सूचना अद्याप मागे घेण्यात आलेली नाही. येत्या सभेत ती मतास टाकली गेल्यास आम्ही विरोधी मत देऊ. ते इतिवृत्तात नावानिशी नोंदविले जावे, अशी चिटणीसांस आताच विनंती करून ठेवतो.