भरतीबल आणि जीवयोग्य बाह्यग्रहांच्या कक्षा

ताऱ्याची ओढ ग्रहाच्या जवळच्या बाजूवर जास्त आणि पलीकडच्या बाजूवर कमी असते. या फरकालाच भरतीबल म्हणतात. ते अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर निम्मे झाले की बल आठपट होते. तांबडे खुजे तारे मंद असतात. पाणी द्रवरूप राहील असा त्यांचा जीवयोग्य पट्टा ताऱ्याला खेटूनच असतो, आणि तेथील ग्रहांच्या कक्षा भरतीबलाचा विचार केल्याशिवाय समजत नाहीत.

यंत्रणा : भरतीमुळे ग्रहाला फुगवटा येतो. ग्रह स्वतःभोवती वेगाने फिरत असेल तर घर्षणामुळे हा फुगवटा ताऱ्याच्या रेषेच्या थोडा पुढे जातो. ताऱ्याची त्यावरील ओढ परिवलन मंद करत नेते आणि अखेर ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे राहते. आपला चंद्र पृथ्वीपुढे याच स्थितीत आहे. कक्षा लंबवर्तुळाकार असेल तर ताण प्रत्येक फेरीत वाढतो आणि घटतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तापते, तसे ग्रहाचे अंतरंग तापते. ही उष्णता कक्षेच्या ऊर्जेतून येत असल्याने कक्षा आकसत जाते आणि तिची विमध्यता (लंबगोलपणा) कमी होते. या गणिताचा पाया जॉर्ज डार्विन यांनी १८७९-८० च्या सुमारास चंद्राच्या कक्षेचा अभ्यास करताना घातला.

ट्रॅपिस्ट-१ : कुंभ तारकासमूहातील हा असाच एक तांबडा खुजा तारा सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ९ टक्के आहे. मिशेल गियाँ व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचे तीन ग्रह जाहीर केले. २०१७ मध्ये संख्या सातवर गेली. सातही कक्षा बुधाच्या कक्षेच्या बऱ्याच आत मावतात. 'ई' हा जीवयोग्य पट्ट्यातला ग्रह ६.१ दिवसांत फेरी पूर्ण करतो. पृथ्वीवर सूर्याचे जेवढे भरतीबल आहे, त्याच्या तीन हजारांहून अधिक पट बल त्याला सोसावे लागते.

एवढ्या बलाखाली या कक्षा केव्हाच पूर्ण वर्तुळाकार व्हायला हव्या होत्या. तसे होऊ देत नाहीत ते शेजारचे ग्रह. लगतच्या परिभ्रमणकाळांची गुणोत्तरे आतून बाहेर ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३ आणि ३:२ यांच्या अगदी जवळ आहेत. सर्वांत आतल्या 'बी' ग्रहाच्या आठ फेऱ्या होतात तेवढ्यात त्यापुढच्या 'सी'च्या जवळपास पाच होतात. या अनुस्पंदनामुळे (परिभ्रमणकाळ साध्या गुणोत्तरात जुळल्यामुळे) शेजाऱ्यांचे हिसके ठरावीक जागी पुन्हापुन्हा बसतात आणि थोडी विमध्यता टिकून राहते. याच हिसक्यांमुळे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या वेळा पुढेमागे होतात. ग्रहांची वस्तुमाने त्यावरूनच काढली गेली. विमध्यता ०.०१ च्या आसपास किंवा त्याहून कमी निघते. तेवढीही अंतरंग तापवायला पुरेशी ठरते, हे गुरूच्या आयो उपग्रहाने दाखवले आहे. त्याची विमध्यता केवळ ०.००४ असूनही तो ज्वालामुखींनी भरलेला आहे. पील, कॅसन व रेनल्ड्स यांनी मार्च १९७९ मध्ये आयोचे अंतरंग भरतीमुळे तापत असल्याचे भाकीत प्रसिद्ध केले आणि काही दिवसांतच व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रांत उद्रेक दिसला.

परिवलनाविषयी मतभेद : जवळच्या प्रत्येक ग्रहाची एकच बाजू कायम उजेडात असते, असे सरसकट म्हणता येत नाही. बुध दोन फेऱ्यांत तीनदा स्वतःभोवती फिरतो, हे १९६५ च्या रडार वेधांतून कळले. पातळ वातावरणही परिवलन पूर्ण जखडू देणार नाही, असे २०१५ मधील एका अभ्यासात सुचवले आहे.

वातावरण : परिवलन असे वातावरणावरही अवलंबून असल्याने ते आहे की नाही हे महत्त्वाचे ठरते. ट्रॅपिस्ट-१ च्या 'बी' ग्रहाची उजेडातली बाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस असल्याचे जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये मोजले; दाट वातावरणाशी हे जुळत नाही.

जीवयोग्यता : पट्टा केवळ ताऱ्याच्या प्रकाशावरून आखणे अपुरे आहे. भरतीची उष्णता अति झाली तर पट्ट्यातला ग्रहही शुक्रासारखा कोरडा होऊ शकतो. माफक असेल तर ती भूपट्टांची हालचाल चालू ठेवू शकेल. त्यामुळे विमध्यता पक्की ठरल्याशिवाय एखाद्या ग्रहाला जीवयोग्य म्हणणे घाईचे ठरते. २०१६ मध्ये सापडलेला, ११.२ दिवसांचे वर्ष असलेला प्रॉक्सिमा-बी हा ग्रह जीवयोग्य आहे की नाही, हेही अजून ठरलेले नाही.