तौबा टिकवणारी बैठक

दारू हराम आहे, हे आपल्या समाजात लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही मोहल्ल्यात पिणारे आहेत, आणि मनापासून तौबा करून पुन्हा घसरलेलेही आहेत. अशा माणसाला आपण ईमानाचा कच्चा ठरवतो. इतिहास मात्र वेगळेच काही सांगतो.

1840 साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सहा पियक्कडांनी एका दारूच्या गुत्त्यातच दारू सोडण्याची शपथ घेतली आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाची संघटना सुरू केली. त्यांच्या सभेत प्रवचन नसे. पिणारा उभा राहून स्वतःची कहाणी सांगे. हजारो लोक जोडले गेले. 1842 मध्ये अब्राहम लिंकन यांनी स्प्रिंगफील्डच्या सभेत त्यांचे कौतुक केले. पिणाऱ्याला शिव्याशाप देऊन नव्हे, आपलेपणाने जिंकता येते, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे मात्र दारूबंदीच्या राजकारणाचे वाद आत शिरले आणि काही वर्षांतच ही चळवळ विरून गेली.

1935 मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन कामानिमित्त अ‍ॅक्रन शहरात होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, त्यात व्यवहार फसलेला आणि हॉटेलातला बार समोरच. त्यांनी दुसरा पिणारा शोधायला फोन फिरवले आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचले. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे देऊ केली होती, बोलणे कित्येक तास चालले. विल्सन तिथे उपदेश करायला गेले नव्हते. स्वतः पिऊ नये म्हणून गेले होते. 10 जून 1935 हा 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा स्थापना दिवस मानतात. डॉ. स्मिथ 1950 मध्ये गेले, विल्सन 1971 मध्ये. दोघेही अखेरपर्यंत दारूपासून दूर राहिले.

वॉशिंग्टोनियनांचे काय झाले, हे विल्सन यांना माहीत होते. म्हणून 1950 मध्ये संघटनेने आपले नियम पक्के केले: राजकारण नाही, बाहेरची देणगी नाही, नावाची जाहिरात नाही. आपल्या भाषेत याला पर्दापोशी म्हणता येईल.

2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. माणसाला अशा बैठकांशी पद्धतशीरपणे जोडणारे उपचार अखंड व्यसनमुक्तीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, आणि हा फरक तीन वर्षांनंतरही दिसला.

हे सगळे परक्यांचे आहे, असे वाटेल. पण त्याच बाल्टिमोरमध्ये 1989 साली मुसलमानांनी 'मिल्लती इस्लामी' हा गट सुरू केला. बारा पायऱ्यांची तीच पद्धत त्यांनी इस्लामी चौकटीत बसवली. आपल्या पुण्यातही 1986 पासून 'मुक्तांगण' व्यसनमुक्तीचे काम करत आहे.

मी मुलांना उर्दू शिकवताना सांगतो की, तौबा या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परतणे. परतण्यासाठी जागा लागते. आपण तौबा करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात मिठी मारतो, नंतर त्याच्यावर नजर ठेवतो. “आज पुन्हा तलब आली होती,” हे तो कुणाला सांगणार? घरी सांगितले तर रडारड, बाहेर सांगितले तर बदनामी. म्हणून तो गप्प राहतो, आणि एकटा पडलेला माणूस लवकर घसरतो.

आपल्या वस्तीत शाळा आहेत, मदरसे आहेत, संध्याकाळी रिकाम्या खोल्या आहेत. आठवड्यातून एक तास, दार लोटून, नाव न विचारता, यातली एक खोली आपण देऊ शकणार नाही का?