डनिच : सागरी कड्याची झीज आणि एका नगराचा ऱ्हास

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक परगण्यात डनिच नावाचे एक लहानसे खेडे आहे. मध्ययुगात येथे भरभराटीचे बंदर होते. त्या नगराचा बहुतांश भाग आज उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. एका वादळी रात्री समुद्राने नगर गिळले आणि तेथील चर्चच्या घंटा अजूनही पाण्याखाली वाजतात, अशी लोककथा सांगितली जाते. झिजणाऱ्या कड्यानेच डनिच संपविले, या रूढ समजुतीचा उपलब्ध साधनांच्या आधारे पुनर्विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

डनिचचा कडा कठीण पाषाणाचा नसून वाळू व गोट्यांच्या सैल थरांचा आहे. वादळी लाटा त्याचा पायथा पोखरतात आणि वरचा भाग निराधार होऊन ढासळतो. मुरलेले पावसाचे पाणी या कामी साहाय्यच करते. ढासळलेला ढिगारा काही काळ पायथ्याचे रक्षण करतो. लाटांनी तो वाहून नेला की पोखरण पुन्हा सुरू होते. त्यामुळे कडा कित्येक वर्षे जवळजवळ स्थिर राहतो आणि एखाद्याच वादळात अनेक मीटर मागे सरतो. वार्षिक सरासरीचा आकडा इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणूनच फसवा ठरतो.

या झिजेची सर्वांत जुनी नोंद महसुली आहे, हे विशेष होय. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या पाहणीत, पूर्वी येथे दोन नांगरांची जमीन होती, आता एकच उरली असून दुसरी समुद्राने नेली, अशा आशयाची नोंद आढळते. परंतु त्याच नोंदीनुसार नागरिकांची संख्या १२० वरून २३६ झाली होती, एका चर्चच्या जागी तीन चर्च उभी होती आणि नगराच्या देण्यात ६८,००० हेरिंग मासे समाविष्ट होते. म्हणजे जमीन निम्म्याने घटत असतानाच नगर जवळजवळ दुप्पट वाढले! डनिचचे जीवन शेतीवर नव्हे, बंदरावर अवलंबून होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

निर्णायक आघात झाला तो बंदरावरच. १२८६ च्या वादळाने मोठी हानी केली. १३२८ च्या वादळात गोट्यांच्या बांधाने बंदराचे मुख बुजले आणि नदीचा प्रवाह उत्तरेकडे वळला. व्यापार शेजारच्या गावांकडे गेला. जहाजे येईनाशी झाल्यावर किनारा राखण्यासाठी लागणारा पैसा आणि माणसे कोठून येणार? कडा पूर्वीही ढासळत होता. आता गेलेल्या घरांच्या जागी मागे सरून नवी घरे बांधण्याचे कारणच उरले नाही. तरीही संसदेत दोन प्रतिनिधी पाठविण्याचा डनिचचा हक्क १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत अबाधित राहिला. मतदारसंघाच्या झिजेची दखल घेण्यास संसदेला पाच शतके लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील काळातील झीज मोजण्यास चर्चच्या इमारती उपयोगी पडतात. रॅल्फ अ‍ॅगस याने १५८७ मध्ये केलेल्या पाहणीचा नकाशा आणि टॉमस गार्डनर याचा १७५४ चा स्थानिक इतिहास ही येथील महत्त्वाची साधने होत. सतराव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर चर्च कड्याच्या टोकाशी आले, तेव्हा त्यातील मौल्यवान साहित्य आधीच काढून घेण्यात आले होते. पाण्याखालच्या घंटांची कथा येथेच डळमळते. ऑल सेंट्स चर्च अठराव्या शतकाच्या मध्यास वापरातून गेले, परंतु ते कड्यावरून कोसळू लागले १९०४ मध्ये आणि त्याचा मनोरा पडला १९१९ मध्ये. उपासक निघून गेल्यानंतर सुमारे दीड शतकाने समुद्र तेथे पोहोचला.

२००८ पासून साउदॅम्प्टन विद्यापीठाचे डेव्हिड सिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने सागरतळाची पाहणी केली. गढूळ पाण्यात पाणबुड्यांना जे दिसत नव्हते, ते चर्चचे भग्नावशेष त्यामुळे नकाशावर आले, आणि अ‍ॅगसच्या नकाशाशी ते ताडून पाहता आले.